तळटीपांचा नजरी नकाशा : ज्यो सॅको यांचे चित्रवृत्तांत

व्यंगचित्राला आपल्याकडे मान आहे. चित्रकथेला तो नाही. शंकर, लक्ष्मण, अबू अब्राहम, बाळ ठाकरे यांच्या राजकीय व्यंगचित्रांविषयी आणि शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांच्या हास्यचित्रांविषयी मराठीत पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. सरवटे यांनी तर हातातील कुंचला बाजूला ठेवून या कलेची मीमांसाही केली. चित्रकथा मात्र मुलांच्या स्वाधीन करून मोठी माणसे मोकळी झाली. १९६७ साली अनंत पै यांनी अमर चित्रकथा सुरू केली आणि पुराणपुरुष व इतिहासपुरुष घरोघर पोचले, हे उपकार मोठेच. परंतु चौकटींमागून चौकटी मांडून सांगितलेली गोष्ट म्हणजे बालवाङ्मय, ही समजूतही त्यामुळेच घट्ट झाली. अशा वाचकाच्या हाती ज्यो सॅको यांचे पुस्तक पडले तर तो प्रथम गोंधळतो. चौकटी आहेत, फुगे आहेत, नाकडोळे किंचित फुगवलेली माणसे आहेत, आणि ही माणसे सांगत आहेत की आमच्या भावाला त्या भिंतीपाशी उभे करून गोळी घातली.

या प्रकाराला इंग्रजीत कॉमिक्स जर्नलिझम म्हणतात. मराठीत प्रतिशब्द रूढ नाही. आम्ही येथे ‘चित्रवृत्तांत’ हा शब्द योजला आहे. यापेक्षा बरा शब्द कोणास सुचल्यास तो आनंदाने स्वीकारू.

सॅको यांचा जन्म २ ऑक्टोबर १९६० रोजी माल्टा बेटावरील किर्कोप या गावी झाला. वडील अभियंता, आई शिक्षिका. बालपण ऑस्ट्रेलियात गेले, १९७२ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले आणि १९८१ मध्ये ऑरेगन विद्यापीठातून त्यांनी पत्रकारितेची पदवी घेतली. चित्रकलेची नव्हे, पत्रकारितेची. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण त्यांच्या चित्रांचे बलस्थान आणि दोषस्थान दोन्ही तेथून निघतात. पदवीनंतरची नोकरी नोटरींच्या एका संस्थेच्या नियतकालिकात मिळाली आणि ती त्यांना मानवली नाही. मग माल्टात परत जाऊन प्रवासी मार्गदर्शिका लिहिणे, माल्टीज भाषेत एक प्रेमकथामाला चित्रित करणे, पुन्हा अमेरिकेत येऊन १९८५ मध्ये पोर्टलंड येथे एक विनोदी फुकटपत्र काढणे, कॉमिक्सविषयक मासिकात बातमीदारी करणे, असे हे पाचसात वर्षांचे भटकणे आहे. १९८८ ते १९९२ या काळात निघालेल्या ‘याहू’ या त्यांच्या अनियतकालिकात उपहासाचा जोर फार. पण त्यातच एका अंकात आईच्या तोंडून ऐकलेल्या, दुसऱ्या महायुद्धातील माल्टावरील बाँबवर्षावाच्या आठवणी आहेत. पुढचा सॅको येथे दिसतो. स्वतः न पाहिलेली घटना, ती भोगलेल्या माणसाच्या जबाबावरून काढायची, हा उद्योग त्यांनी आपल्या आईपासून सुरू केला.

१९९१-९२ च्या हिवाळ्यात ते पॅलेस्टिनी प्रदेशात गेले. पहिल्या इंतिफादाचा तो उतरता काळ होता. परत येऊन त्यांनी जे काढले ते १९९३ ते १९९५ या काळात नऊ अंकांत प्रसिद्ध झाले. खप बेताचाच झाला. १९९६ मध्ये त्याला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले आणि २००१ मध्ये एडवर्ड सैद यांच्या प्रस्तावनेसह एकत्रित ‘पॅलेस्टाईन’ निघाले, तेव्हा कोठे गंभीर वाचकाचे लक्ष तिकडे गेले. आज हे पुस्तक वाचताना पहिल्या भागातील चित्रे आम्हांस खटकतात. ओठ जाड, दात बाहेर, कॅमेरा जमिनीवर ठेवून छायाचित्र घ्यावे तशी वाकडीतिकडी दृश्ये. हा व्यंगचित्रकाराचा हात आहे आणि ज्यांचे दुःख सांगायचे त्यांचेच तो व्यंग काढतो, असा आक्षेप कोणी घेतला तर त्यास उत्तर देणे कठीण. सॅको यांनाही ते जाणवले असावे; पुस्तक पुढे सरकते तसे चेहरे सौम्य व खरे होत जातात. विद्रूप राहते ते एकच पात्र, लेखकाचे स्वतःचे. ते अखेरपर्यंत तसेच आहे. गोल चष्मा, आणि चष्म्यामागे डोळेच नाहीत, कोरी काच.

याच पुस्तकात एका कैद्याच्या चौकशीचे प्रकरण आहे. माणसाला डोक्यावर पिशवी घालून खुर्चीला बांधून ठेवले आहे, दिवस चालले आहेत. सॅको या प्रसंगात भाषेचा जोर वाढवत नाहीत. ते फक्त पानावरील चौकटी लहान करीत जातात. आरंभी पानावर मोजक्या चौकटी असतात. मग त्या वाढतात, दाटतात, अखेरीस एखाद्या चाळीच्या खिडक्यांसारख्या बारीक होतात, आणि प्रत्येकीत तोच माणूस, तीच खुर्ची. गद्य लेखकाने ‘दिवसामागून दिवस गेले’ असे लिहिले की वाचक ते अर्ध्या क्षणात ओलांडतो. येथे ओलांडता येत नाही. प्रत्येक खिडकीत डोकवावे लागते. चित्रवृत्तांताला स्वतंत्र वाङ्मयप्रकार का म्हणावे, या प्रश्नाचे आमच्या मते एवढे एकच उदाहरण पुरे.

१९९५-९६ मध्ये ते बोस्नियात गेले आणि २००० मध्ये ‘सेफ एरिया गोराझ्दे’ आले. संयुक्त राष्ट्रसंघाने ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित केलेले आणि तरीही वेढ्यात सापडलेले द्रिना नदीकाठचे हे छोटे शहर. या ग्रंथात त्यांनी एक साधी व्यवस्था केली आहे. वर्तमानकाळाच्या पानांच्या कडा पांढऱ्या, भूतकाळाच्या काळ्या. पुस्तक मिटून नुसत्या कडेकडून पाहिले तरी कोठे काळे किती, हे दिसते. मात्र आम्हांला या पुस्तकात अधिक लक्षात राहिल्या त्या तेथील तरुण मुली, ज्यांना सारायेव्होहून आलेल्या पाहुण्याकडून युद्धाचे विश्लेषण नको असते, लेव्हायची जीन पँट हवी असते. मोठ्या दैनिकाचा बातमीदार अशा गोष्टी वहीत लिहितो आणि बातमीतून गाळतो.

आपल्या वाचकाला येथे अनिल अवचट आठवल्यावाचून राहणार नाहीत. १९६९ च्या ‘पूर्णिया’पासून अवचटांनी हेच केले. जावे, बसावे, ऐकावे, आणि आपण तेथे परके आहोत हे न लपवता लिहावे. लेखातला ‘मी’ त्यांनी गाळला नाही, पण त्याला नायकही केले नाही. अवचटांचा ‘मी’ सालस आहे, सॅकोंचा ‘मी’ जरा आपमतलबी आहे. चांगला साक्षीदार मिळाला की तो मनात खूश होतो, आणि तो खूश झाला हे सॅको काढून दाखवतात. या प्रामाणिकपणाचा पुढे पुढे अतिरेक होतो हेही सांगितले पाहिजे. दहाव्यांदा आपला ओशाळेपणा दाखविणारा लेखक अखेर आपल्याकडेच लक्ष वेधून घेत असतो.

आता ज्या ग्रंथासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळू. ‘फूटनोट्स इन गाझा’ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ चारशे पानांहून मोठा आहे. त्याचा विषय असा. नोव्हेंबर १९५६, सुएझचे युद्ध, गाझा पट्टी इस्राएली सैन्याच्या ताब्यात. ३ नोव्हेंबरला खान युनिस येथे आणि १२ नोव्हेंबरला रफाह येथे मोठ्या संख्येने नागरिक मारले गेले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालातील आकडे अनुक्रमे २७५ आणि १११. एवढेच. इतिहासग्रंथांतून या घटना तळटिपेत गेल्या. २००१ मध्ये सॅको ‘हार्पर्स’ मासिकासाठी ख्रिस हेजेस यांच्यासमवेत गाझात गेले असता खान युनिसची हकीकत त्यांच्या कानी आली. छापील लेखातून तो भाग संपादकांनी वगळला. तळटिपेतूनही गळालेली ही तळटीप शोधण्यासाठी सॅको २००२-०३ मध्ये पुन्हा तेथे गेले आणि सत्तरी गाठलेल्या माणसांची दारे ठोठावू लागले.

आमचे उभे आयुष्य महसूल खात्यात गेले म्हणून असेल, पण हा ग्रंथ आम्ही पंचनाम्यासारखा वाचला. पंचनाम्याला एक शिस्त असते. जागा कोठे, चतुःसीमा काय, कोण कोठे उभा होता, कोणी काय पाहिले, कोणी केवळ ऐकले. आणि त्यासोबत जोडतात तो नजरी नकाशा. साखळी न टाकता, नुसत्या नजरेने काढलेला, प्रमाण नसलेला, परंतु विहीर कोठे नि वाट कोठे हे अचूक दाखविणारा. कोणताही जाणता अंमलदार प्रथम नकाशा पाहतो, मग जबाब वाचतो, कारण जबाबातले खोटे नकाशावर ठेवले की उघडे पडते. सॅको नेमके हेच करतात. रफाहमधील पुरुषांना शाळेकडे धावत जाण्यास सांगितले गेले. फाटकापाशी तारांचे भेंडोळे नि खंदक होता, वरून उडी मारावी लागे आणि उडी मारता मारता डोक्यात काठी बसे. हे एक सांगतो, दुसरा सांगतो, दहावा सांगतो. सॅको त्या सर्वांचे चेहरे एका ओळीत मांडतात, प्रत्येकाच्या तोंडी तेवढेच एक वाक्य, आणि मग फाटक, खंदक, काठी असे चित्र येते. दहा जबाबांत काठी आहे म्हणून चित्रात काठी आहे. एकानेच सांगितलेली गोष्ट असेल तर ती त्याची म्हणूनच येते.

त्याहून अवघड प्रसंग तो तीन भावांचा. एक वृद्ध सांगतो की भाऊ मारले गेले तेव्हा मी तेथेच होतो, मीच त्यांना उचलले. घरातील इतर सांगतात की तो तेथे नव्हताच, नंतर आला. न्यायालयात अशा साक्षीदाराची उलटतपासणीत चाळण झाली असती आणि प्रतिपक्षाने सगळा दावाच उडवून लावला असता. एखाद्या भाबड्या लेखकाने विसंगती लपविली असती. सॅको दोन्ही कथने शेजारी ठेवतात, म्हाताऱ्याकडे परत जातात, पुन्हा विचारतात, आणि तो आपल्या म्हणण्यावर ठाम राहतो हेही नोंदवतात. भाऊ मेले हे सर्वांना मान्य आहे. मरताना आपण जवळ होतो, ही त्या माणसाची पन्नास वर्षांची गरज आहे. कोणते सत्य आणि कोणती गरज, याची फोड सॅको करून ठेवतात आणि निकाल देत नाहीत.

येथे मूळ आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. छायाचित्र यंत्राने घेतलेले असते, चित्र हाताने. १९५६ ची रफाहची गल्ली सॅको यांनी पाहिलेली नाही. त्यांनी काढलेल्या प्रेताची मान ज्या बाजूला वळली आहे, त्या बाजूला ती वळली होती कशावरून? शब्दांत ‘रस्त्यात प्रेते पडली होती’ एवढे लिहून लेखक सुटतो. चित्रकाराला प्रत्येक प्रेताची मान, हात, चप्पल काढावी लागते, म्हणजे साक्षीदाराने न सांगितलेले पुष्कळ काही भरावे लागते. सॅको यांनी जुनी छायाचित्रे पाहिली, घरांची बांधणी, कपडे, निर्वासितांच्या वसाहतींची रचना तपासली, साक्षीदारांना चित्रकारालाच सुचतील असे प्रश्न विचारले. तरी भर ही भरच. आमचे मत असे की हा दोष चित्रवृत्तांताचा स्वभाव आहे आणि त्यावर एकच इलाज आहे, तो म्हणजे हे हाताने काढलेले आहे हे वाचकास क्षणभरही विसरू न देणे. सॅकोंची शैली तेवढ्यापुरती व्यंगचित्राशी इमान राखून आहे हे म्हणूनच बरे. ते जर तैलचित्रासारखे हुबेहूब काढू लागले असते, तर आम्ही त्यांच्यावर कमी विश्वास ठेवला असता. नजरी नकाशाच्या खाली ‘नजरी’ असे लिहिलेले असते, यातच त्याची विश्वासार्हता आहे.

आणखी एक गोष्ट. सॅको १९५६ विषयी विचारीत फिरत असता त्याच रफाहमध्ये बुलडोझर घरे पाडीत होते. तरुण पोरे त्यांना विचारतात, आज आमचे घर जाते आहे आणि तुम्हांला पन्नास वर्षांपूर्वीचे काय पडले आहे? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझात जे झाले त्यानंतर तर या ग्रंथातील कित्येक गल्ल्या केवळ या ग्रंथातच उरल्या असतील. २०२४ मध्ये सॅको यांनी ‘वॉर ऑन गाझा’ ही छोटी पुस्तिका काढली. ती रागाची आहे, उपहासाची आहे. त्यात साक्षीदार नाहीत, ‘याहू’च्या काळातील जुना व्यंगचित्रकार परत आला आहे. राग समजू शकतो. पण ‘फूटनोट्स’ पुन्हा काढून वाचावेसे वाटते तसे ती पुस्तिका वाटत नाही.

मधल्या काळातील कामांचा नुसता उल्लेख करतो. ‘द ग्रेट वॉर’ (२०१३) म्हणजे १ जुलै १९१६, सोमच्या लढाईचा पहिला दिवस. चोवीस फूट लांबीची एकच घडीची पट्टी, एकही शब्द नाही. विलक्षण कारागिरी, पण कोणाचा जबाब नाही, म्हणून आम्हांला ती दुरूनच आवडली. कॅनडातील डेने या आदिवासी समाजावरील ‘पेइंग द लँड’ (२०२०) मात्र जमीन, करार आणि खाणी यांत रस असणाऱ्याने अवश्य वाचावे.

भारताशी सॅको यांचा संबंध दोनदा आला. पहिल्या खेपेस उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात, मुसहर वस्त्यांत. हा वृत्तांत प्रथम फ्रेंच नियतकालिकात आला आणि मग २०१२ च्या ‘जर्नलिझम’ या संग्रहात. उंदरांच्या बिळांतून दाणे उकरून काढणारी माणसे. शिधापत्रिका, दारिद्र्यरेषेची यादी, शंभर दिवसांची रोजगार हमी. आणि गावातल्या वजनदारांच्या भीतीने अर्धवट राहिलेल्या मुलाखती. ही यादी आमच्या पिढीच्या शासकीय नोकरांना पाठ आहे. एखादी योजना गावात पोचली की नाही हे आम्ही नोंदवही उघडून पाहत असू, आणि वही बहुधा भरलेली असे. सॅको झोपडी उघडून पाहतात. मडक्यात काय आहे, किती आहे. वहीतला रकाना आणि मडके यांतील अंतर त्यांनी ज्या थंडपणे काढले आहे, त्याला आमच्याजवळ उत्तर नाही. तरीही एक तक्रार नोंदवणे भाग आहे. गाझाला त्यांनी वर्षे दिली, कुशीनगरला मोजके दिवस. मुसहरांचे दैन्य दिसते. त्यांचे हसणे, त्यांचे भांडण, त्यांची लेव्हायची जीन पँट दिसत नाही. गोराझ्देच्या मुलींना मिळालेला न्याय या माणसांना मिळाला नाही.

अशा कामाची परंपरा आपल्या देशात नव्हती असे मात्र नाही. १९४३ च्या दुष्काळात चित्तप्रसाद भट्टाचार्य हे मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले, दिसेल तो माणूस काळ्या शाईत काढला, त्याची हकीकत सोबत लिहिली आणि ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका छापली. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. हेच चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहिले. सॅको यांच्या जन्माआधी सतरा वर्षे झालेला हा चित्रवृत्तांतच होता. आपल्याकडे तो चित्रकलेच्या इतिहासात गेला, पत्रकारितेच्या इतिहासात आला नाही.

दुसरी खेप मुझफ्फरनगरची. २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील त्या दंगलीत साठांवर माणसे मेली आणि पन्नास हजारांहून अधिक घर सोडून गेली. सॅको तेथे २०१४ मध्ये गेले; ‘द वन्स अँड फ्यूचर रायट’ हे पुस्तक आले २०२५ मध्ये. दरम्यान न्यायमूर्ती विष्णू सहाय आयोगाचा अहवाल येऊन विधानसभेत मांडलाही गेला होता. अकरा वर्षांनी येणाऱ्या बातमीला बातमी म्हणावे काय, असे कोणी विचारील. पण या पुस्तकाचा विषय दंगलीपेक्षा दंगलीची कहाणी हा आहे. जाट एक सांगतात, मुसलमान दुसरे सांगतात. प्रत्येक गावाकडे आपली एक घडीव हकीकत तयार आहे, आणि तीत आरंभ नेहमी समोरच्याने केलेला आहे. घरे त्यांनी स्वतःच जाळली, भरपाईसाठी, असेही सांगणारे भेटतात. गावी परत जाणार नाही अशा शपथपत्रावर विस्थापित कुटुंबांना शासनाने पाच लाख रुपये दिले होते, हे आठवले की या बोलण्यातील क्रूरपणा कळतो. शपथपत्राचा नमुना कोणीतरी टंकलिखित केला असेल, कोणीतरी तपासला असेल.

या पुस्तकात पद्धत उलटी झाली आहे. गाझात दहा जबाब जुळत गेले आणि चित्र उभे राहिले. येथे दहा जबाब जुळतच नाहीत, आणि म्हणून सॅको स्वतः अधिक बोलू लागतात. लोकशाही, गर्दी, मतांचे गणित यांवर त्यांचे चिंतन येते. ते चुकीचे नाही, पण ते लखनौ-दिल्लीच्या अग्रलेखांतून आपण वाचलेले आहे. आम्हांला ते गप्प राहतात तेथे अधिक पटले. उसाच्या उभ्या पिकाच्या चित्रात, ज्यात कोण लपले आहे हे कळत नाही. आणि ऐकणाऱ्याच्या कोऱ्या चष्म्यात.

दोन्ही खेपांस त्यांच्यासोबत पीयूष श्रीवास्तव हे पत्रकार होते आणि दोन्हीकडे ते चित्रांतून दिसतात. सॅको आपला दुभाषा कधी पुसून टाकीत नाहीत. बोस्नियातल्या अशाच एका वाटाड्यावर त्यांनी ‘द फिक्सर’ हे आख्खे पुस्तक लिहिले. कुशीनगरच्या मुसहर बाईचे बोलणे तिच्या बोलीतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत आणि छापताना प्रथम फ्रेंचमध्ये गेले. आम्ही ते इंदुरात बसून इंग्रजीत वाचले. ज्या भाषेत ती बोलली त्या भाषेत ते फुगे अजून कोणी भरल्याचे आमच्या पाहण्यात आलेले नाही.